मिनिमल म्हणजे नेमकं किती? लिनक्सच्या डीफॉल्ट यादीचा छोटासा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला घरी असताना मी जुना लॅपटॉप नव्याने लावायला घेतला. रॅम २ जीबी, डिस्क ३२ जीबी. डेबियन टाकलं, तेही अख्ख्या डेस्कटॉपसकट. मग बसलो साफसफाईला. खेळ नकोत, ईमेलचा प्रोग्रॅम नको, हे नको, ते नको. यात डेस्कटॉपचं मुख्य मेटापॅकेज कधी उडालं ते कळलंच नाही. वर 'ऑटोरिमूव्ह'ही चालवलं. रात्री रीस्टार्ट केलं तर वायफाय गायब. नेटवर्क मॅनेजर गेला होता. आणि सकाळी सांगलीला मार्गदर्शकांना प्रकरणाचा मसुदा दाखवायचा होता! फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि पहाटेची एसटी पकडली.

चूक माझीच होती. पण बसमध्ये एक प्रश्न डोक्यातून जाईना: कुठलं पॅकेज 'आवश्यक' आणि कुठलं 'फालतू' हे ठरवलं कोणी? माझा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास, म्हणून हा प्रश्न मी इतिहासाच्या अंगानेच घेतो.

फ्लॉपीचे दिवस

१९९३ मध्ये स्लॅकवेअर आलं तेव्हा निवड अगदी हाताने व्हायची. सॉफ्टवेअर फ्लॉप्यांच्या संचांत वाटलेलं असायचं: 'ए' म्हणजे पायाभूत सिस्टिम, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'एक्स' म्हणजे खिडक्यांचा डेस्कटॉप. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. त्यामुळे 'काय ठेवायचं' याचा अर्थ 'किती फ्लॉप्या भरायच्या' असा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. तेव्हाच्या एसएलएस या वितरणातल्या चुकांना ते वैतागले होते. काळजीपूर्वक जुळवलेली आणि देखभाल होत राहील अशी सिस्टिम त्यांना हवी होती.

पायऱ्या कशा ठरल्या

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला प्राधान्य असतं: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल. पूर्वी 'एक्स्ट्रा' ही पाचवी पायरीही होती, ती २०१७ मध्ये मोडीत काढली. रिक्वायर्ड नसेल तर सिस्टिमच नीट चालत नाही. इम्पॉर्टंटची कसोटी मात्र मजेशीर आहे. युनिक्सवर मुरलेल्या माणसाला जे सापडलं नाही तर तो चक्रावेल, ते इम्पॉर्टंट. स्टँडर्ड म्हणजे डेस्कटॉपशिवायची, आटोपशीर पण अगदीच कंजूष नसलेली सिस्टिम.

आता ही दुसरी कसोटी पुन्हा वाचा. तिच्या मध्यभागी यंत्र नाही, माणूस आहे. आणि तो ठरावीक प्रकारचा माणूस आहे: युनिक्सवर वाढलेला. म्हणजे ही यादी तांत्रिक दिसत असली तरी 'आपला वापरणारा कोण' याचं उत्तर तिच्यात दडलेलं आहे.

आणखी एक वळण २००९ चं. डेबियन ५ पासून एपीटी 'रेकमेंड्स' म्हणजे शिफारस केलेली पॅकेजंही आपोआप टाकू लागलं. नवख्यांची सोय झाली, पण एक पॅकेज मागितलं की मागोमाग वरात येऊ लागली. माझा नेटवर्क मॅनेजर असाच डेस्कटॉपच्या वरातीतून आला होता. मी तो स्वतः मागितला नव्हता. त्यामुळे डेस्कटॉप गेल्यावर एपीटीच्या लेखी त्याचा कोणी वालीच उरला नाही.

यादी हलत राहते

२०१७ च्या डेबियन ९ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये नेट-टूल्स येईनासं झालं. म्हणजे जुन्या पुस्तकांत शिकवलेलं 'आयएफकॉन्फिग' गेलं, त्याजागी 'आयपी' आलं. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग डीफॉल्टमधून बाहेर पडलं, कारण नोंदी ठेवायचं काम सिस्टिमडीचं जर्नल करतंच होतं. आर्च लिनक्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बेस' इतका छाटला की त्यात कर्नलही राहिला नाही, तो वेगळा मागावा लागतो. कंटेनरमध्ये कर्नल यजमान यंत्राचाच वापरला जातो, त्यामुळे तिथे हे चालून जातं. लॅपटॉपवर मात्र कर्नल विसरलात तर मशीन सुरूच होणार नाही. 'मिनिमल' हा शब्द एकच, पण कशासाठी मिनिमल ते दर वेळी वेगळं.

पुरावा आणि त्याची खोट

कोण काय वापरतं हे डेबियनला कसं कळतं? 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाचं छोटं पॅकेज आहे. ते चालू ठेवलं तर तुमच्या पॅकेजांची यादी दर आठवड्याला जाते. कुठली पॅकेजं पहिल्या सीडीवर ठेवायची हे ठरवायला या आकड्यांचा उपयोग झाला. पण इन्स्टॉल करताना त्याचं ठरलेलं उत्तर 'नाही' असतं, आणि ज्या लॅबमध्ये नेटच नाही तिथली मशीन मोजलीच जात नाहीत.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबावं. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला. आपण तो वाचतो तेव्हा पत्रांबरोबर खऱ्यांची निवडही वाचत असतो. डीफॉल्ट यादीचंही तसंच. यादीत काय आहे एवढं बघून भागत नाही. निवडणारा कोण होता आणि त्याच्यापर्यंत कोण पोचलंच नाही, हेही विचारावं लागतं.

आपली अक्षरं कुठे?

सांगलीत पोचल्यावर मला दुसरा धक्का बसला. मसुदा त्याच लॅपटॉपवर उघडला तर मोडीवरून लिप्यंतर केलेल्या उताऱ्यांच्या जागी नुसत्या चौकटी. देवनागरी फॉन्टही साफसफाईत गेले होते! लिनक्सच्या साध्या कन्सोलवर तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात, आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. म्हणजे मिनिमल सिस्टिमच्या कल्पनेत मराठी मुळातच बसत नाही, ती वरून टाकावी लागते. टाकायची सोय मात्र आहे. डेबियनमध्ये मराठीसाठी वेगळा 'टास्क' आहे, रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिलेले लोहित फॉन्ट आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित 'बॉस' काढलं, ते भारतीय भाषा मनात धरूनच. तिथे 'आपला वापरणारा कोण' याचं उत्तर वेगळं होतं, म्हणून यादीही वेगळी.

मग ठेवायचं काय?

आता मी उलट्या दिशेने जातो. भरलेलं घर रिकामं करण्यापेक्षा रिकाम्या घरात गरजेचं आणणं सोपं. डेस्कटॉप न निवडता इन्स्टॉल करायचं. मग नेटवर्क, देवनागरी फॉन्ट, मराठी कीबोर्ड, टेक्स्ट एडिटर आणि बॅकअपचं साधन ही पाच कामं आधी बसवायची. काही काढण्यापूर्वी एपीटीला 'सिम्युलेट' करायला लावून काय काय जाणार ते वाचायचं. 'ॲप्टिट्यूड व्हाय' विचारलं की एखादं पॅकेज कोणामुळे आलं तेही कळतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'ची यादी काढून तारखेसह प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक नावापुढे ते का ठेवलं याची एक ओळ लिहा. तीन वर्षांनी परीक्षक विचारतील, हा आलेख कसा काढला होता? तेव्हा तुमचं मशीन बदललेलं असेल आणि डीफॉल्ट यादीही. स्नॅपशॉटच्या संग्रहात डेबियनची २००५ पासूनची जुनी पॅकेजं मिळतात, पण नेमकं कुठलं शोधायचं हे तुमची वहीच सांगेल.

माझ्या वहीत पहिली ओळ आहे: नेटवर्क मॅनेजर, कारण पहाटेची एसटी.