कात्री कोणाच्या हातात?

विद्वानांची संशोधनपत्रे कामगाराच्या खोलीत येत नाहीत. वर्गणी जबर, भाषा परकी, आणि मजकूर असा की पहिल्याच पानावर शहाण्यानेही हात टेकावेत. तरीसुद्धा कामगाराचा खोकला कारखान्यातल्या धुळीचा की त्याच्या विडीचा, ह्याचा निवाडा अखेर त्याच पानांवर होतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाचा वकील तेच पान उघडून पुढे करतो. आम्ही कॉलेजची पायरी न चढलेली माणसे. कोश उशाशी घेऊन असले लेख वाचायला शिकलो ते ह्याच गरजेपोटी. तेव्हा ही पाने छापताना कोणता धर्म पाळला जातो, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

ॲस्बेस्टॉसचा इतिहास घ्या. हे खनिज कापसासारखे पिंजता येते, त्याचे सूत निघते, आणि ते आगीत जळत नाही. बॉयलरची वेष्टणे, ब्रेकची अस्तरे, छपराचे पत्रे, सारे त्याचे झाले. त्याची धूळ फुप्फुसे निकामी करते हे इंग्लंडात १९३० सालच्या सरकारी पाहणीने दाखवले. १९३१ मध्ये नियमही झाले. प्रश्न उरला कर्करोगाचा.

अमेरिकेत सॅरानॅक लेक येथे एक नामांकित प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख डॉ. लीरॉय गार्डनर. १९३६ च्या नोव्हेंबरात जॉन्स-मॅनव्हिल ह्या कंपनीने, इतर कारखानदारांच्याही वतीने, त्यांना संशोधनासाठी पैसे देऊ केले. अट अशी की निष्कर्ष पैसे देणाऱ्यांच्या मालकीचे राहतील. ते छापायचे की नाही आणि किती छापायचे हे तेच ठरवतील. हस्तलिखित आधी त्यांना दाखवावे लागेल. गार्डनरांनी अट पत्करली. (सावकाराच्या रोख्यावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र आपण अडाणी म्हणतो!) १९४३ साली त्यांना दिसले की दीर्घकाळ ही धूळ श्वासावाटे घेतलेल्या ११ उंदरांपैकी ८ उंदरांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या आहेत. माणूस सावध होता. एवढ्यावरून निर्णय नको, प्रयोग नव्याने करावा, असे त्यांचे मत पडले. त्यासाठी सरकारी कर्करोग संस्थेकडे मागितलेले पैसे मिळाले नाहीत, आणि १९४६ साली ते वारले. त्यांच्या कागदांवरून अहवाल सिद्ध झाला तेव्हा, १९४८ मध्ये, कंपन्यांनी बैठक भरवून कर्करोगाचे व गाठींचे उल्लेख गाळण्याचे ठरवले. १९५१ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात निबंध छापून आला. ते उंदीर त्यातून नाहीसे झाले होते. वाचणाऱ्या डॉक्टराला कात्रीची खूण कोठेच दिसली नाही. पुढे दावे लागून कंपन्यांची कपाटे उघडली, तेव्हा ती दिसली.

आता इंग्लंडातले रॉचडेल पाहा. येथे टर्नर समूहाची ॲस्बेस्टॉसची गिरणी होती. ह्याच समूहाचा ब्रेकच्या अस्तरांचा कारखाना पुढे आमच्या घाटकोपरात उभा राहिला. गिरणीचे डॉक्टर जॉन नॉक्स ह्यांनी सांख्यिकीचे जाणकार रिचर्ड डॉल ह्यांना मदतीस घेतले. निदान २० वर्षे धुळीत काढलेले ११३ कामगार त्यांनी तपासणीस घेतले. सर्वसाधारण हिशेबाने त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा एकही पुरा मृत्यू पडत नव्हता, ०.८ एवढाच, प्रत्यक्षात ११ पडले. संचालकांना हे छापणे रुचले नाही. नॉक्स ह्यांचे नाव गळले. डॉल ह्यांनी १९५५ साली ब्रिटनच्या औद्योगिक वैद्यकाच्या पत्रात निबंध एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला. नॉक्स भित्रे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा पगार गिरणी देत होती, डॉल ह्यांचा पगार सार्वजनिक पैशातून येत होता.

येथेच गोष्ट संपली असती तर एका धीरोदात्त पुरुषाचे चरित्र झाले असते. परंतु डॉल २००५ साली वारले, आणि २००६ साली उघडकीस आले की १९८० नंतरच्या दशकात मोन्सँटो ह्या रसायन कंपनीकडून ते सल्ल्याबद्दल दिवसाला १,५०० डॉलर घेत होते. वाचकांना हे ठाऊक नव्हते. तो पैसा त्यांनी ऑक्सफर्डच्या ग्रीन कॉलेजास दिला, व त्या काळी असे संबंध जाहीर करण्याची चाल नव्हती, असे त्यांचे चाहते म्हणाले. आम्ही ते खरे मानून चालतो. पण मालक सज्जन आहे म्हणून कोणती युनियन हजेरीपट मागायचे सोडते?

चाल पडायला अवकाश लागला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने १९८४ मध्ये लेखकांकडे पैशांचे संबंध विचारण्यास प्रारंभ केला. १९९७ साली ब्रिटनमधील संपादकांनी प्रकाशन-नीतीची समिती स्थापली. तथापि संबंध जाहीर करणे निराळे आणि कात्री काढून घेणे निराळे. आदल्या निबंधातल्या उंदरांना लेखकाच्या नावाखालील एका तळटीपेने काय मिळाले असते? त्या दुखण्यावर बोट ठेवले गेले ते २००१ च्या सप्टेंबरात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केले की ज्या संशोधनात पैसे देणाऱ्यालाच निष्कर्ष दडपण्याचा हक्क आहे, ते आम्ही छापणार नाही. सॅरानॅकच्या त्या पत्राला तोवर ६५ वर्षे होत आली होती.