‘एल्फिन्स्टन’ : एका दुर्मीळ स्कॉटिश आडनावाचा उगम आणि भौगोलिक विस्तार

गोषवारा

एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील एक स्थलवाचक आणि विरळ आढळणारे आडनाव आहे. मूळ गावाशी असलेला या आडनावाचा संबंध पंधराव्या शतकातच बराचसा तुटला. तरीही पुढील चार शतकांत ते अ‍ॅबर्डीनपासून मुंबईपर्यंत नकाशावर उमटले. हा विस्तार वंशवृद्धीमुळे झाला की अधिकारपदामुळे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. आडनावाचा प्रसार अभ्यासताना ‘धारकांचा प्रसार’ आणि ‘नावाचा प्रसार’ यांत भेद करणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलवाचक आडनावे, स्कॉटलंड, एल्फिन्स्टन घराणे, नामांतर, मुंबई इलाखा.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘एल्फिन्स्टन’ हा शब्द नवा नाही. पेशवाईची अखेर, मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा आरंभ आणि मुंबईतील महाविद्यालय व रेल्वे स्थानक या सर्व संदर्भांत तो भेटतो. मात्र हे मुळात एका लहानशा गावाचे नाव आहे, त्यावरून ते आडनाव झाले आणि ते धारण करणारी कुटुंबे स्कॉटलंडमध्येही थोडीच आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. वर्गात अध्यापन करताना आणखी एक गोष्ट जाणवते. महाविद्यालयाचा एल्फिन्स्टन आणि रेल्वे स्थानकाचा एल्फिन्स्टन ही एकच व्यक्ती होय, असे बहुतेक विद्यार्थी गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचे आहे. या चुकीचे मूळ शोधू लागल्यास आडनावांच्या अभ्यासपद्धतीचाच प्रश्न पुढे येतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) एल्फिन्स्टन या आडनावाची व्युत्पत्ती व उगमस्थान यांचा परामर्श घेणे. २) त्याच्या भौगोलिक विस्ताराचे टप्पे निश्चित करणे. ३) मुंबईतील या नावाच्या अस्तित्वाचे स्वरूप तपासणे. लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, सर विल्यम फ्रेझर यांचा घराण्याविषयीचा द्विखंडात्मक ग्रंथ (१८९७) आणि जॉर्ज फ्रेझर ब्लॅक यांचा स्कॉटिश आडनावांचा कोश (१९४६) ही या विषयाची परंपरागत साधने विचारात घेतली आहेत.

उगम व व्युत्पत्ती

स्कॉटिश आडनाव म्हटले की ‘मॅक’ या पूर्वपदाने सुरू होणारी डोंगराळ प्रदेशातील गेलिक नावे डोळ्यांसमोर येतात. एल्फिन्स्टन या वर्गातील नाही. त्याचे मूळ एडिंबरोच्या पूर्वेस असलेल्या ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रॅनेंट पॅरिशमधील एल्फिन्स्टन या गावी आहे. हा प्रदेश प्राचीन काळी नॉर्थंब्रियाच्या अँग्लियन राज्यात मोडत असल्यामुळे तेथील अनेक ग्रामनामे जुन्या इंग्रजीतील आहेत. हॅडिंग्टन, ऑर्मिस्टन ही शेजारची नावे त्याची साक्ष देतात. या नावांच्या शेवटी येणारा ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘टून’, अर्थात कुंपण घातलेली वस्ती किंवा वाडी. ऑर्मिस्टन म्हणजे जशी ऑर्म नावाच्या माणसाची वाडी, त्याचप्रमाणे एल्फिन्स्टन म्हणजे एल्फिन किंवा तत्सम नावाच्या पुरुषाची वाडी, असा अर्थ लावला जातो.

आज हे नाव लिहिताना शेवटी दगड या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसतो. हे वर्णलेखन उत्तरकालीन आहे. जुन्या कागदपत्रांत ‘एल्फिन्स्टून’, ‘एल्फिन्स्टन’ अशी रूपे आढळतात. त्यामुळे नावाचा संबंध दगडाशी किंवा पऱ्यांशी जोडणाऱ्या लोकव्युत्पत्तींना भाषाशास्त्रीय आधार उरत नाही. ‘हेल्फेनश्टाइन’ नावाच्या परदेशी सरदारापासून घराणे उत्पन्न झाले, ही आख्यायिकाही याच प्रकारची आहे. सामान्य ग्रामनामावरून आलेल्या आडनावाला परदेशी वीरपुरुषाचे मूळ देण्याची प्रवृत्ती युरोपातील अनेक सरदार घराण्यांत दिसते. मूळ पुरुष जितका दूरचा तितकी प्रतिष्ठा अधिक, ही समजूत आपल्याकडील वंशावळींतही अपरिचित नाही.

ग्रामनामाचे आडनाव होण्याची प्रक्रिया स्कॉटलंडमध्ये बाराव्या शतकात, विशेषतः पहिला डेव्हिड (कारकीर्द ११२४ ते ११५३) याने सरंजामी पद्धतीने जमिनी देण्यास आरंभ केल्यानंतर, गतिमान झाली. जमीन धारण करणारा पुरुष स्वतःस ‘अमुक गावचा’ म्हणवू लागला आणि पुढे हीच ओळख वंशपरंपरागत झाली. एल्फिन्स्टन घराण्याचे पुरुष तेराव्या शतकातील दस्तऐवजांत दिसू लागतात. मराठीतील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांशी या प्रक्रियेचे साम्य उघड आहे. मात्र एक भेद नोंदवला पाहिजे. ‘कर’ लावणारा मनुष्य बहुधा गाव सोडून आलेला असतो, तर सरंजामी स्कॉटलंडमध्ये गावाचे नाव लावणारा प्रथमतः त्या गावाचा भूधारक असे.

गावापासून फारकत

आडनाव जमिनीवरून आले असले, तरी ते जमिनीबरोबर राहतेच असे नाही. १४३५ मध्ये पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. त्याला पुत्र नव्हता. कन्या अ‍ॅग्नेस आणि बंधू हेन्री यांच्यात वारसाचा वाद झाला. त्यात ईस्ट लोदियनमधील मूळ गाव कन्येकडे आणि तिच्या विवाहाद्वारे जॉनस्टन घराण्याकडे गेले. हेन्रीच्या वाट्याला स्टर्लिंगशायरमधील एअर्थजवळची जमीन आली. याचा परिणाम लक्षणीय ठरला. एल्फिन्स्टन गावात जॉनस्टन राहू लागले आणि एल्फिन्स्टन आडनावाचे लोक अन्यत्र गेले. १५४६ मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्ट यास एल्फिन्स्टनच्या मनोऱ्यात कैदेत ठेवण्यात आले, तेव्हा त्या मनोऱ्याचे धनी एल्फिन्स्टन आडनावाचे नव्हते.

हेन्रीच्या शाखेने आपल्या नव्या जमिनीलाही एल्फिन्स्टन हेच नाव दिले. म्हणजे गावाने माणसाला नाव दिले आणि नंतर माणसाने ते दुसऱ्या जागेला दिले. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तेथेही एक मनोरा उभा राहिला. १७५४ मध्ये मात्र ही जहागीर डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि ती जागा पुढे डनमोर या नावाने ओळखली जाऊ लागली. नामांतर ही केवळ वसाहतोत्तर काळातील घटना नसून मालकी बदलली की नाव बदलते, ही जुनीच रीत आहे, हे यावरून ध्यानात येते. ईस्ट लोदियनमधील मूळ मनोराही कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचल्याने विसाव्या शतकाच्या मध्यास बहुतांशी पाडावा लागला.

स्कॉटलंडमधील विस्तार

घराण्याची प्रतिष्ठा राजसेवेतून वाढली. १५०८ च्या सुमारास अ‍ॅबर्डीनशायरमधील किलड्रमीचा किल्ला अलेक्झांडर एल्फिन्स्टन याच्याकडे आला. १५१० मध्ये तो ‘लॉर्ड’ झाला आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर मारला गेला. किलड्रमीच्या निमित्ताने हे आडनाव ईशान्य स्कॉटलंडमध्ये रुजले. तेथील लोगी शाखेचा वारसा अठराव्या शतकात एका कन्येकडे गेला, तेव्हा तिच्या पतीच्या डॅलरिंपल-हॉर्न या नावापुढे एल्फिन्स्टन जोडण्यात आले. इनव्हरुरीजवळील ‘पोर्ट एल्फिन्स्टन’ ही कालव्याकाठची वसाहत याच शाखेचे स्मारक होय. येथे आडनाव रक्ताबरोबर नव्हे, तर मालमत्तेबरोबर प्रवास करताना दिसते.

दुसरी एक शाखा सतराव्या शतकाच्या आरंभी बालमेरिनोचे लॉर्ड म्हणून पुढे आली. या शाखेतील सहावे लॉर्ड आर्थर एल्फिन्स्टन यांना जॅकोबाइट उठावातील सहभागाबद्दल १७४६ मध्ये लंडन येथे देहान्त शिक्षा झाली आणि ती उपाधीही संपली. युद्धात पुरुषांचे मरण, वारसा कन्येकडे जाणे आणि राजद्रोहाच्या आरोपाने उपाधी संपणे, या कारणांनी एल्फिन्स्टन आडनावाच्या प्रतिष्ठित शाखा मर्यादित राहिल्या.

याच प्रदेशात या नावाला एक निराळी चिरंजीविता लाभली. बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१ ते १५१४) यांच्या प्रयत्नाने १४९५ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे विद्यापीठ स्थापन झाले. तेच पुढे किंग्ज कॉलेज म्हणून विख्यात झाले. स्कॉटलंडमध्ये मुद्रणकला आणण्याच्या कामीही त्यांचा वाटा मोठा होता. ते स्वतः एका धर्माधिकाऱ्याचे अनौरस पुत्र होते आणि बिशप या नात्याने अविवाहित होते. लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी १९९५ मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठात स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. म्हणजे या आडनावाचे एक अत्यंत टिकाऊ स्मारक ज्याच्यामुळे उभे राहिले, त्याच्यापासून वंश पुढे चालला नाही.

साम्राज्य आणि मुंबई

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक स्कॉटिश सरदार घराण्यांतील धाकट्या पुत्रांनी ईस्ट इंडिया कंपनीची व आरमाराची वाट धरली. ज्येष्ठ पुत्राकडे जहागीर आणि उपाधी जात असल्याने धाकट्यांना उपजीविकेचा मार्ग शोधणे भाग होते. दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे एक पुत्र जॉर्ज कीथ आरमारात अ‍ॅडमिरल झाले, तर दुसरे पुत्र विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीचे संचालक व अनेकदा अध्यक्ष झाले. पुतण्या माउंटस्टुअर्ट (जन्म १७७९) किशोरवयातच १७९६ मध्ये कलकत्त्यास पोचला, तो अशा घराण्यातून. पुण्याचे रेसिडेंट, खडकीच्या लढाईनंतर दख्खनचे कमिशनर आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर हा त्यांचा प्रवास सुपरिचित आहे. मराठी कागदपत्रांनी त्यांच्या आडनावाचे ‘अल्पिष्टन’ असे रूप केले. जुन्या स्कॉटिश दप्तरांतील वर्णलेखनाच्या वैविध्यात मोडीतील या रूपाचीही भर घालण्यास हरकत नसावी.

त्यांच्या निवृत्तीच्या वेळी मुंबईतील नागरिकांनी उभारलेल्या निधीतून अध्यापकपदांची योजना झाली व तीतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि कॉलेज विकसित झाले. मुंबईतील स्थानकाचे नाव मात्र त्यांचे नव्हते. ते त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे होते. हे १८३७ ते १८४२ मद्रासचे आणि १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर होते. कोटातील ‘एल्फिन्स्टन सर्कल’ हेही त्यांच्याच नावाने ओळखले जाई. याच घराण्यातील मेजर जनरल विल्यम एल्फिन्स्टन हे कंपनीचे संचालक विल्यम फुलर्टन यांचे पुत्र. १८४२ च्या काबूलमधील माघारीत त्यांची फौज नष्ट झाली व ते कैदेत मरण पावले. एकाच आडनावाच्या या तिघांची गल्लत टाळणे अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

येथे मुख्य मुद्दा असा की, माउंटस्टुअर्ट आणि तेरावे लॉर्ड हे दोघेही अविवाहित होते. माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात निवर्तले, तर त्यांचे पुतणे १८६० मध्ये. मुंबईत हे आडनाव ज्यांच्यामुळे रुजले, त्यांनी येथे वंश ठेवला नाही. तरीही हे नाव शेकडो मराठी, गुजराती व पारशी तरुणांच्या ओळखीचा भाग झाले. ‘एल्फिन्स्टोनियन’ म्हणवणाऱ्यांच्या परंपरेत न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर येतात. वंशाने लाभलेल्या नावाचे हे विद्येने लाभलेले रूपांतर होय. ते घडवण्यात येथील नागरिकांच्या वर्गणीचा आणि विद्यार्थ्यांच्या अध्ययनाचा वाटा मोठा होता, हे विसरता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलचे हॉर्निमन सर्कल झाले आणि २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानक प्रभादेवी झाले. सत्तेने दिलेली नावे सत्ता गेल्यावर बदलली. महाविद्यालयाचे नाव मात्र टिकून राहिले. याच काळात घराण्याची मुख्य शाखाही एक वर्तुळ पूर्ण करून आली होती. तेराव्या लॉर्डनंतर उपाधी अल्पावधीतच कारबेरी शाखेकडे गेली. कारबेरी हे ईस्ट लोदियनमधील मूळ एल्फिन्स्टन गावापासून थोड्याच अंतरावर आहे. चार शतकांपूर्वी गाव गमावलेले आडनाव अशा रीतीने गावाच्या शेजारी परतले. कारबेरीचा वाडाही १९६१ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सुपूर्त झाला.

निष्कर्ष

१) एल्फिन्स्टन हे ईस्ट लोदियनमधील ग्रामनामावरून आलेले अँग्लियन मूळाचे आडनाव असून त्याच्या परदेशी उत्पत्तीच्या कथा उत्तरकालीन आहेत.

२) १४३५ नंतर आडनाव आणि मूळ गाव यांची फारकत झाली. म्हणून आजच्या धारकांचे वास्तव्य पाहून उगमस्थान ठरवणे धोक्याचे आहे.

३) या आडनावाचा विस्तार तीन मार्गांनी झाला : वंशाने, मालमत्तेने आणि अधिकारपदाने. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत दूरवर पोचला, परंतु वंशाशी त्याचा संबंध सर्वांत क्षीण आहे.

४) नकाशावरील नावांची संख्या हा धारकांच्या संख्येचा पुरावा ठरत नाही.

आपल्याकडे स्थानिक इतिहास लिहिताना आडनावाचे साम्य दिसताच एकवंशीयत्वाचा आणि त्यावरून हक्क व प्रतिष्ठेचा दावा करण्याची घाई केली जाते. एल्फिन्स्टनसारखे सुपरिचित उदाहरणही गाव, जमीन, विवाह आणि नोकरी यांचे धागे वेगळे केल्याशिवाय उलगडत नाही. मग ज्यांची कागदपत्रे विरळ आहेत, अशा आपल्याकडील असंख्य आडनावांबाबत हा संयम अधिकच पाळला पाहिजे. गावोगावच्या दप्तरांतून, शाळांच्या प्रवेश नोंदवह्यांतून आणि मोडी कागदांतून आडनावांची कालानुक्रमे नोंद करण्याचे काम महाविद्यालयीन पातळीवरील प्रकल्पांतून सहज हाती घेता येईल. त्या कामाची पहिली अट एवढीच की, नाव सापडले म्हणजे माणूस सापडला, असे मानू नये.