शब्दाची किंमत

करार कागदावर होतात. त्यांना बळ मात्र माणसाच्या शब्दाचे लागते. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांमुळे जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. त्याच महिन्याच्या १८ तारखेस सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी, क्युबाला दिलेली मदत केवळ संरक्षणासाठी आहे, असे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना समक्ष सांगितले होते. अशा तडा गेलेल्या विश्वासावर पूल बांधायचा होता.

२७ तारखेच्या रात्री केनेडींचे बंधू रॉबर्ट यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना आपल्या कचेरीत बोलावले. तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काही महिन्यांत निघतील, पण याची वाच्यता नको, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी क्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. पुढे त्यांनी हे वचन पत्रात नमूद केले, तेव्हा रॉबर्ट यांनी ते पत्र परत केले. लेखी असे हाती काही उरले नाही. तरीही एप्रिल १९६३ पर्यंत ती क्षेपणास्त्रे निघाली.

हा विश्वास निष्कलंक होता, असे आम्ही म्हणणार नाही. मित्रराष्ट्र तुर्कस्तानलाच अंधारात ठेवले गेले. तरीही दिलेला शब्द पाळला गेला, हे आपण विसरू नये.