ज्या दरबाराने जाळले, त्याच दरबाराचे सूर

18 ऑक्टोबर 1964 रोजी पोप पॉल सहावे यांनी युगांडाच्या 22 कॅथलिक हुतात्म्यांना संतपद दिले. त्या सोहळ्यासाठी जोसेफ क्यागांबिद्वा या युगांडातल्याच बुगांडा राज्याच्या संगीतकाराने रचलेले ‘युगांडा मार्टर्स आफ्रिकन ऑरेटोरिओ’ हे दीर्घ वृंदगान रोममध्ये गायले गेले. चाली अस्सल बुगांडाच्या होत्या. हे हुतात्मे मात्र बुगांडाच्याच राजाने, कबाका म्वांगा दुसरा याने, 1885 ते 1887 या काळात मारवले होते. त्यांतले बरेचसे दरबारातले कोवळे हुजरे. 3 जून 1886 रोजी नामुगोंगोला कित्येकांना जिवंत जाळण्यात आले. आणि त्यांचे गुणगान करायला क्यागांबिद्वाने हाताशी घेतले ते त्याच दरबारात वाढलेले संगीत!

त्याचा मुख्य आधार होता अमादिंडा. हा एक मोठा काष्ठतरंगच. केळीचे दोन सोट जमिनीवर आडवे ठेवायचे, त्यांवर लुसांब्या झाडाच्या लाकडाच्या 12 जाड पट्ट्या मांडायच्या आणि पट्ट्या सरकू नयेत म्हणून मधेमधे काटक्या खोचायच्या. वादक तिघे. दोघे समोरासमोर बसतात. पहिला एकसारख्या लयीत आपले स्वर वाजवतो; दुसरा तितक्याच लयीत, पण नेमका पहिल्याच्या दोन आघातांच्या मधल्या फटीत. तिसऱ्याकडे शेवटच्या दोनच पट्ट्या असतात. खालचे दोन स्वर जिथे जिथे येतील, तिथे तो ते वरच्या सप्तकात टिपतो. वेग इतका की कोण काय वाजवतो ते कळत नाही आणि तिघांपैकी कुणीच न वाजवलेली धून ऐकू येऊ लागते. पाच स्वरांच्या या वाद्यावर वाजते ते बहुतेक गाणेच असते. त्यामुळे ते गायकवृंदाच्या तोंडी देणे म्हणजे निम्मे काम आधीच झालेले.

निम्मेच. लुगांडा या बुगांडाच्या भाषेत शब्दांची अक्षरे वर-खाली सुरांत उच्चारली जातात. तिथल्या मिशनऱ्यांनी युरोपीय भजनांच्या चालींत लुगांडा शब्द कोंबले, तेव्हा हे चढउतार मोडले. डिसेंबर 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि स्थानिक संगीतालाही मान दिला. क्यागांबिद्वाची तयारी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. 1955 साली न्यूयॉर्कहून निघालेल्या त्याच्या पुस्तकात बुगांडाच्या काष्ठतरंगावरच्या रचना स्वरलिपीत मांडलेल्या आहेत.

हे काम वेळेत झाले म्हणायचे. कारण रोमच्या सोहळ्याला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच मे 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे यांच्या सैन्याने मेंगोचा कबाकाचा राजवाडा फोडला. कबाका मुटेसा दुसरा देश सोडून पळाला, दरबारी वादकांची पांगापांग झाली, वाद्ये नष्ट झाली. पुढच्याच वर्षी राजेशाही कायद्याने संपली.

या वाताहतीआधीच, पूर्वी दरबारात वाजवणारा एवारिस्टो मुयिंडा अमादिंडा बाहेरच्यांना शिकवत असे. 1959 मध्ये व्हिएन्नाहून आलेला तरुण गेरहार्ड कुबिक त्याच्याकडे बसून शिकला. कुणीच न वाजवलेल्या त्या धुनींचा उलगडा कुबिकने पुढे केला, तो याच तालमीच्या जोरावर. 1993 मध्ये बुगांडाला पुन्हा कबाका मिळाला. दरबारी वादनाची जुनी घडी मात्र विस्कटलेलीच राहिली. याउलट 3 जून युगांडात आता सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे आणि नामुगोंगोला लाखोंची यात्रा भरते.