पडद्यावरचा पहिलावहिला टेनिस

प्रयोगशाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही संशोधक काय दाखवतो? बंद उपकरणे आणि भिंतीवरचे तक्ते. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतही तेच चाले. पाहुणे कंटाळतात, हे तेथील भौतिकीतज्ज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांच्या लक्षात आले.

त्यांच्याकडे एक छोटा ॲनालॉग संगणक होता. क्षेपणास्त्राचा आणि उसळत्या चेंडूचा मार्ग त्यावर कसा काढायचा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिले होते. हिगिनबॉथम यांनी चेंडू निवडला. ऑक्टोबर १९५८ मध्ये ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा पडद्यावर पाहुणे टेनिस खेळू लागले. खुंटी फिरवून कोन ठरवायचा, बटण दाबून चेंडू मारायचा. लोकांनी रांगा लावल्या! १९५९ मध्ये तर चंद्रावरचे आणि गुरूवरचे गुरुत्वाकर्षण घेऊनही खेळता येऊ लागले. पुढे हा खेळ मोडून त्याचे भाग इतर कामांना वापरले गेले. पेटंट कोणी घेतलेच नाही.

हेच हिगिनबॉथम दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करत होते. युद्धानंतर अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी ते आयुष्यभर झटले. व्हिडिओ खेळांच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव राहिले ते या टेनिसमुळे.

वर्गात फेकलेल्या वस्तूची गती शिकवताना आपणही विचारून पाहू: तोच चेंडू, तोच वेग, तोच कोन, चंद्रावर तो किती उंच जाईल? गुरुत्वाकर्षण सुमारे एक षष्ठांश, म्हणून उंची सहापट. हवेचा अडथळा तेवढा सोडून द्यायचा.