श्रीहार्जो : ‘भागतं’ म्हणजे नेमकं किती?

जावा बेटावर योगजकार्ताच्या दक्षिणेला इमोगिरी आहे. तिथल्या टेकडीवर मातराम घराण्याच्या कबरी आहेत. १७५५ च्या तहाने राज्याचे दोन तुकडे झाले, पण टेकडी दोन्ही दरबारांची राहिली. इतिहासाची पुस्तकं तिथेच रेंगाळतात. मला मात्र त्याच भागातलं श्रीहार्जो गाव जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९७३ मध्ये डेव्हिड पेनी आणि मासरी सिंगारिम्बुन यांचा या गावावरचा अभ्यास छापून आला. गरिबी मोजायचं माप त्यांनी बाहेरून आणलं नाही. लोकांच्या तोंडी ‘चुकुपान’ असा शब्द होता. आपण ‘भागतं बुवा’ म्हणतो ना, तसा. किती भातखाचरं आणि किती परसबाग असली की भागतं, यावरून त्यांनी हिशेब मांडला. बहुतेक घरांची जमीन त्याच्या खालीच निघाली.

१९६३ मध्ये क्लिफर्ड गीर्ट्झने जावातल्या ‘वाटून घेतलेल्या गरिबी’बद्दल लिहिलं होतं. श्रीहार्जोचे आकडे पाहिले की प्रश्न पडतो, वाटायला होतं तरी काय?

तुमच्या प्रश्नावलीत ‘मासिक उत्पन्न’ हा रकाना असेलच. त्याआधी गावाचा असा शब्द शोधलात का? ‘आपण पडलो बाहेरचे’ ही सबब नको. सिंगारिम्बुन स्वतः सुमात्राचे, कारो समाजातले. जावानीज त्यांची मायबोली नव्हती.