आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन आणि शासकीय खर्च : भायखळा ते रायगड

प्रस्तावना

औषध, लस, उपकरण, शस्त्रक्रिया किंवा सेवा देण्याची पद्धत यांचा गुण, सुरक्षितता आणि खर्च तुलनेने तपासून सार्वजनिक निधी कोठे वापरावा हे ठरविणे, यास आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या 'नाइस' या संस्थेमुळे ही संकल्पना जगभर परिचित झाली. महाराष्ट्रात मात्र तिची बीजे त्याच्या शंभर वर्षे आधीची आहेत. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

गुणाची परीक्षा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने लस घेणारे कैदी आणि न घेणारे कैदी यांची तुलना करण्यात आली. १८९८ साली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने अशा आकडेवारीची छाननी केली. लसीमुळे लागण व मृत्यू घटतात, परंतु संरक्षण पूर्ण नसते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. आकडे गोळा करण्यातील उणिवाही दाखविल्या. आयोगापुढील मुख्य प्रश्न लसीच्या गुणाचा होता. तोच पैसा अन्यत्र वापरल्यास अधिक जीव वाचतील काय, हा प्रश्न पुढील काळासाठी राहिला.

गुण आणि खर्च

या प्रश्नाचे ठळक उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत राबविली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. दर बालकामागे खर्च सुमारे ५.३ अमेरिकन डॉलर आला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर राबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली. पुरावा आणि निर्णय यांत बारा वर्षांचे अंतर पडले, कारण असा पुरावा स्वीकारून निधीशी जोडणारी यंत्रणाच नव्हती.

पनवेलचा संदर्भ

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोलीबरोबर पनवेल तालुका ज्यात मोडतो तो रायगड जिल्हाही होता. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतील शस्त्रक्रिया व चिकित्सांसाठी मिळू लागले. गरीब कुटुंबांस मोठा आधार मिळाला, हे निर्विवाद. परंतु यादीत काय असावे आणि कोणत्या दराने, हे तुलनेने तपासणारी स्वतंत्र शासकीय व्यवस्था देशात तेव्हा नव्हती. ती २०१७ साली केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागांतर्गत उभी राहिली. पुढे आयुष्मान भारत योजनेतील उपचारांचे दर सुधारताना प्रत्यक्ष खर्चाच्या अभ्यासाचा आधार घेण्यात आला.

निष्कर्ष

या इतिहासात पुराव्याची उणीव क्वचितच दिसते. उणीव दिसते ती पुराव्यास निर्णयाशी जोडण्याची. केंद्रीय यंत्रणेच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत आणि आरोग्य हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे यादीत एखादा उपचार का आला वा का वगळला, याची कारणे लोकांसमोर मांडण्याची जबाबदारी अखेरीस राज्याचीच ठरते. पनवेलच्या रुग्णाच्या दृष्टीने मूल्यमापनाचा खरा अर्थ हाच होय.